दोष घोडीचाच कशावरून?

संपादक महोदय,


‘रक्त घरातच ठेवा’ असा सल्ला देणारे मागील अंकातील पत्र वाचले. जवळच्या नात्यात जोड लावल्याने एखादा गुण पक्का होतो, हे मान्य. पण ‘नराचे वीर्य तपासणीत उत्तम आले की घोडी न फळण्याचा दोष तिचाच’ हे मात्र पटत नाही.

थरोब्रेड जातीच्या काही नरांत शुक्राणूंची संख्या, हालचाल, ठेवण सगळे बिनचूक. तरी घोड्या रिकाम्याच. शुक्राणूच्या टोकावरची टोपी वेळेवर फुटत नाही आणि बीजांडात शिरकाव होत नाही. 2012 साली अमेरिकेतील संशोधकांनी याचा संबंध एफकेबीपी6 या जनुकाशी जोडला. सदोष प्रती आईबाप दोघांकडून आल्या की घोटाळा होतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसायचा कसा? आणि बापलेकीची जोड लावली, तर शिंगराच्या दर चार जनुकांमागे सरासरी एकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाच्या निघतात.

शिंगरू झाले म्हणजे सुटलो, असेही नाही. घोडीची वार तीनेक तासांत पडावी लागते; अडकली तर गर्भाशयाचा दाह, पायांच्या खुरांपर्यंत त्रास. नेदरलँड्सच्या काळ्याभोर फ्रीजियन घोड्यांत हे दुखणे फार. त्यांचे पैदाशीचे नर 1913च्या सुमारास तीनच उरले होते; म्हणजे पुढची पैदास नात्यातच! शिंगराची अंतःप्रजननाची पातळी वाढली तसे वार अडकण्याचे प्रमाण वाढल्याचेही तिथे आढळले आहे.

तेव्हा पुढच्या हंगामात घोडी विकायला काढण्याआधी पत्रलेखकांनी नर आणि घोडी दोघांची निदान पाच पिढ्यांची वंशावळ समोरासमोर ठेवून पाहावी.

आपला,
एक पशुवैद्य, पुणे