मोटारीचा पूर्वेतिहास

हैदराबाद येथे उद्भवलेल्या एका मोटार-खरेदीच्या तंट्यावर सर्वोच्च न्यायालयाने १० जुलै २०२४ रोजी शेवटचा पडदा टाकला. जीव्हीआर इंडिया प्रोजेक्ट्स या कंपनीने २५ सप्टेंबर २००९ रोजी बीएमडब्ल्यूची अत्यंत महागडी, सातव्या मालिकेतील गाडी घेतली. चारच दिवसांनी ती बिघडली. नोव्हेंबरात पुन्हा तेच घडले, आणि लगोलग पोलिसांकडे फसवणुकीची फिर्याद गेली. तेव्हाच्या आंध्र प्रदेशच्या, हैदराबाद येथील उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये फौजदारी खटला रद्द केला. मात्र त्याच निकालात सदोष गाडीच्या जागी नवी गाडी देण्याचा आदेशही दिला. कंपनी गाडी देण्यास तयार होती. तक्रारदाराला ती नको होती, पैसे हवे होते. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने भरपाईपोटी पन्नास लाख रुपये देवविले आणि प्रकरण मिटविले. खरेदीपासून या निकालापर्यंत जवळजवळ पंधरा वर्षे लोटली होती.

या निकालात एक गोष्ट स्पष्ट झाली, ती ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मालात दोष असणे म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे. फिर्यादीत फसवणुकीची लक्षणे नसतील तर पोलीस ठाण्याची पायरी चढून काही निष्पन्न होत नाही. दाद मागावयाची ती ग्राहक आयोगाकडे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सदोष मालाबद्दल उत्पादकावर थेट जबाबदारी टाकली आहे, आणि पन्नास लाखांपर्यंतच्या व्यवहारांची तक्रार जिल्हा आयोगातच करता येते. तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, मालाची तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत लावावा, असेही कायदा म्हणतो. या मुदती कितपत पाळल्या जातात, हे आयोगाच्या ओसरीवर बसलेल्या कोणाही पक्षकारास विचारावे.

तथापि नवी गाडी घेणारा त्यातल्या त्यात भाग्यवान म्हटला पाहिजे. त्याच्यापाशी पावती असते, हमीपत्र असते, आणि ज्याच्याकडे बोट दाखवावे असा एक नामांकित उत्पादक असतो. शोरूममध्ये ‘हॅंडलिंग चार्जेस’च्या नावाखाली हजारो रुपये उकळले जातात, ठरावीक विमा गळ्यात मारला जातो, हे खरे, पण हे बिलावर दिसते आणि घासाघीस करून टाळताही येते. उत्पादकांच्या मनमानीलाही थोडाबहुत चाप बसला आहे. सुट्या भागांची बाजारपेठ मुठीत ठेवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने २०१४ साली चौदा मोटार-उत्पादकांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला होता, आणि विक्रेत्यांना जास्त सवलत देण्यास मज्जाव केल्याबद्दल २०२१ मध्ये मारुतीला दोनशे कोटींचा. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आल्याने नवी गाडी अनेकांच्या आवाक्यात आली, हेही समाधानाचे.

खरी परवड होते ती जुनी गाडी घेणाऱ्याची. आणि हैदराबादचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे.

ऑक्टोबर २०२० च्या १३ व १४ तारखांना हैदराबादवर जो पाऊस कोसळला, त्याने १९०८ च्या मुशी नदीच्या महापुराची आठवण करून दिली. तलावांचे पाणी वस्त्यांत शिरले, तळघरांतील वाहनतळ बुडाले, रस्त्यावर उभ्या गाड्या काडेपेटीसारख्या वाहत गेल्याची चित्रे देशभर पाहिली गेली. त्या गाड्यांचे पुढे काय झाले? दुरुस्तीचा खर्च विमा उतरविलेल्या किमतीच्या पाऊण हिश्शापलीकडे गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण निकामी धरते. पण निकामी धरलेली प्रत्येक गाडी भंगारात मोडली जाते असे नाही. ती लिलावात उचलली जाते, धुतली जाते, तिच्या गाद्या बदलल्या जातात, आणि पुराच्या पाण्याचा मागमूसही नसलेल्या दूरच्या गावी ती ‘डॉक्टरांनी वापरलेली, एकहाती’ म्हणून उभी राहते. ज्या गाड्यांचा विमाच नव्हता, त्यांचा तर कोठे उल्लेखही नाही. मुंबईच्या २००५ च्या आणि चेन्नईच्या २०१५ च्या जलप्रलयांनीही बाजाराला अशाच गाड्यांचा पुरवठा केला.

आम्हा किनारपट्टीवरील लोकांना यात एक विशेष धोका आहे. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने गाडीचा तळ गंजणे आम्हाला नित्याचे. त्यामुळे हैदराबादेहून आलेल्या गाडीच्या आसनाखालच्या खिळ्यांना गंज दिसला तरी आमचा माणूस दचकत नाही; ‘असायचेच’ म्हणून पुढे जातो. वास्तविक दख्खनच्या कोरड्या पठारावर वावरलेल्या गाडीत गंज आतल्या बाजूस का असावा, हा प्रश्न त्याने तेथेच विचारावयास हवा. सुरक्षापट्टा पूर्ण ताणून त्याच्या आतल्या टोकावर चिखलाची रेघ आहे का, हे पाहावे. कार्पेट उचलून हात फिरवावा. दिव्यांच्या काचांत आतून ओल धरली आहे का, ते न्याहाळावे. गॅरेजवाल्या मेस्त्रीला पाचशे-हजार रुपये देऊन बरोबर न्यावे, हे उत्तम. ज्यांना गाडीच्या खरेदीत चांगला अनुभव आला, त्यांच्यापैकी बहुतेकांनी हेच केलेले आढळते.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली नेमक्या याच व्यवहारावर एक निबंध लिहिला. मालाची खरी स्थिती विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा सावधगिरी म्हणून सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. आणि बाजारात हळूहळू भिकार गाड्याच उरतात. या विवेचनासाठी अ‍ॅकरलॉफना २००१ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. म्हणजे लबाड विक्रेता गिऱ्हाइकाला बुडवितो, तसाच तो प्रामाणिक विक्रेत्यालाही बुडवितो. दहा वर्षे जिवापाड जपलेली गाडी विकताना मातीमोल भाव पदरात पडलेल्या मध्यमवर्गीय गृहस्थाला हे निबंधातून शिकण्याची गरज नाही.

एके काळी हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटत असे. फिअट, अ‍ॅम्बॅसडर आणि स्टँडर्ड या तिघींच्या राज्यात नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावावा लागे, आणि हाती आलेल्या गाडीला बाहेर जास्त भाव येई. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती रस्त्यावर आली तेव्हा ते युग ओसरू लागले. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत आलेल्या मर्सिडीज आणि ओपेल मुक्तीनंतरही वर्षानुवर्षे टॅक्सी म्हणून धावत होत्या. त्या गाड्या जुन्या होत्या, पण अनोळखी नव्हत्या: कोणती कोणाची, कोठे आपटली, इंजिन कोणी उघडले, हे सबंध तालुक्याला माहीत असे. आज गाडी सिकंदराबादेत विकली जाते आणि फोंड्यात घेतली जाते. मधला दलाल दोघांनाही पुन्हा दिसत नाही.

अशा वेळी सरकारी नोंदवहीने ती ओळख पटवून द्यावयाची. पण तेथेही गोंधळ आहे. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य झाले, तेव्हा हैदराबादच्या गाड्यांची ‘एपी’ ही खूण जाऊन ‘टीएस’ आली; मार्च २०२४ पासून ‘टीजी’. अक्षरे बदलल्याने कोणाचे बिघडत नाही. बिघडते ते यामुळे की, बरीच वर्षे तेलंगणाची वाहननोंदणी केंद्राच्या ‘वाहन’ या संगणकीय यंत्रणेबाहेर राहिली. इतकी की मोटार-विक्रेत्यांच्या राष्ट्रीय महासंघाचे मासिक आकडेही तेलंगणा वगळून प्रसिद्ध होत. अन्य राज्यातील गिऱ्हाइकाने हैदराबादच्या गाडीचा मालक, कर्जाचा बोजा आणि थकलेला दंड यांची खातरजमा एका खिडकीवर करावयाची, तर सोय नव्हती. माहितीच्या उद्योगासाठी जगभर नाव मिळविलेल्या शहराच्या बाबतीत हे घडावे, याला काय म्हणावे!

विकणाऱ्यानेही गाफील राहून चालणार नाही. गाडी विकल्यावर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत, राज्याबाहेर ४५ दिवसांत नोंदणी कार्यालयास कळविणे मोटार वाहन कायद्याच्या ५० व्या कलमान्वये विकणाऱ्याचे कर्तव्य आहे. किती जण ते पाळतात? कोऱ्या अर्जांवर सह्या करून दलालाच्या हाती देणे हीच आमची रीत. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार खटल्यात बजावले की, गाडी प्रत्यक्षात कितीही हातांतून गेली असो, नोंदवहीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताची भरपाई त्यानेच द्यावी. त्या प्रकरणात विक्री २००७ मधील होती, अपघात २००९ मधील. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीत लाल किल्ल्याजवळ ज्या गाडीत स्फोट झाला, तीही अनेक हातांतून गेलेली जुनी गाडी होती. आणि पोलीस प्रथम पोहोचले ते तिच्या नोंदणीकृत जुन्या मालकाच्या दारी, ज्याने ती कधीच विकून टाकली होती. सही करून निर्धास्त झोपणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग डोळ्यांपुढे आणावा.

केंद्राने १ एप्रिल २०२३ पासून नवे नियम अमलात आणले आहेत. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याने नोंदणी कार्यालयाकडून अधिकारपत्र घ्यावे. गाडी त्याच्या ताब्यात आल्याची सूचना संगणकावर द्यावी. आणि ती पुढे विकली जाईपर्यंत मालकाची जबाबदारी त्याच्याकडे राहावी, असा त्यांचा आशय. नियम चांगले आहेत. मोठ्या कंपन्यांनी या व्यवसायात उतरून तपासणीचा दाखला, काही दिवसांत गाडी परत घेण्याची हमी अशा सोयी दिल्या, त्यांचा लाभही शहरी गिऱ्हाइकास झाला आहे. पण रस्त्याच्या कडेला दहा-वीस गाड्या मांडून बसलेल्या दलालाकडे अधिकारपत्र आहे की नाही, हे कोण पाहतो? परिवहन खात्याने आपल्या हद्दीतील अधिकृत विक्रेत्यांची यादी प्रत्येक कार्यालयाच्या दारावर लावावी, एवढी साधी गोष्ट तरी करावी.

आणि नियमांत जे मुळीच नाही, ते घालावे. मालकी कोणाची हे सांगणारी नोंद आहे. गाडी कशी वागविली गेली हे सांगणारी नाही. बेल्जियममध्ये २००६ पासून जुनी गाडी विकताना ती किती किलोमीटर धावली याचा अधिकृत दाखला द्यावाच लागतो. प्रत्येक गॅरेज आपल्याकडे आलेल्या गाडीचा आकडा कळविते, त्यामुळे मीटर मागे फिरविण्याचा धंदा तेथे बसला. अमेरिकेत बुडालेल्या वा निकामी धरलेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का मारला जातो. आमच्याकडे प्रत्येक गाडी धुराच्या तपासणीसाठी ठरावीक मुदतीने केंद्रावर जातेच. तेथे मीटरचा आकडा नोंदवून घेण्यास कितीसा खर्च येणार? विमा कंपन्यांपाशी प्रत्येक दाव्याची माहिती आहे. गाडी पूर्ण निकामी धरली गेली असेल तर ती गोष्ट आरसी पुस्तकावर चढविण्यास कोणती अडचण? केंद्रीय परिवहन मंत्रालयाने ही दुरुस्ती करावी, आणि तोवर गोवा सरकारने निदान परराज्यातून फेरनोंदणीसाठी येणाऱ्या गाड्यांपुरती विम्याच्या दाव्यांची माहिती अर्जासोबत मागवावी. पावसाळा दरवर्षी येतो; त्यानंतर दोन-तीन महिन्यांत या गाड्याही येतात.