अंडं की केळं?

लंच ब्रेक हा शाळेतला सगळ्यात सीरियस पिरियड! कोणाच्या डब्यात काय निघतं यावर मैत्री जमते, मोडतेही. त्यात तुमचं पोर शाकाहारी आणि बाकी सगळा ग्रुप चिकनवाला असेल, तर विचारूच नका.

आम्ही नोकरीपुरते पुण्याचे, घर नेवाशाचं. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली ते नेवासा. माळकऱ्यांची घरं भरपूर. गळ्यात तुळशीची माळ आली की मटण, अंडी, दारू बंद. पण एका घरात सगळेच माळकरी असतात असं नाही हं! आमची आजी माळकरी, चुलते पक्के खाणारे. मटण शिजायचं अंगणात, तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. आजी त्या पातेल्याला शिवायची नाही, पण चुलत्यांसाठी भाकरी तीच थापायची. ना लेक्चर, ना नाक मुरडणं.

नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने शालेय पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं. न खाणाऱ्यांना केळं किंवा दुसरं फळ. वारकरी मंडळींतून विरोधही झाला. गावी झेडपीच्या शाळेत जाणारा माझा पुतण्या केळंवाला. पोरं चिडवायची. तो वैतागून म्हणाला, ‘काका, त्यांचं पण अंडं बंद करा ना!’ जानेवारी 2025 मध्ये सरकारने अंड्यांचा निधी खरंच थांबवला. द्यायचीच असतील तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत, असं ठरलं. पुतण्या खूश. मी नाही.

कारण सरळ आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रोटीन. आपल्या पोरांना मटकीची उसळ, हुलग्याचे शेंगोळे, शेंगदाण्याची चटणी मिळते. बी-12 साठी दूध-दही असतं. ज्याच्या घरी हे रोज परवडत नाही, त्याचं काय? माझ्या पोराचा नियम पाळायला दुसऱ्याचं ताट कशाला रिकामं?

2014 च्या सरकारी सर्व्हेत महाराष्ट्रात शाकाहारी निघाले साधारण 40 टक्के. म्हणजे आयुष्यभर खाणाऱ्यांच्या शेजारी बसायचंच आहे. आज बेंचवर, उद्या टीम लंचला!

म्हणून दुसरीतल्या आमच्या लेकीसाठी घरचा फंडा सोप्पा. एक : दुसऱ्याच्या डब्याकडे बघून ‘शी’ म्हणायचं नाही. दोन : कोणी विचारलं तर ‘आम्ही खात नाही’ एवढंच, पाप-बिप काढायचं नाही. तीन : डब्यात दोन थालीपीठं जास्त, वाटायला.

आणि उद्या ती म्हणाली, ‘मी एकदा खाऊन बघू?’ तर? टेन्शन येणारच. पण आमच्याकडे माळ कोणी कोणाच्या गळ्यात जबरदस्तीने घातली नाही. चुलत्यांच्या गळ्यात तर आजीनेही नाही!