एकदा विकलेला माल

आमच्या बाजारपेठेतून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले, तर भिंतीवरच्या पाट्यांचे एक छोटेखानी पुस्तक वाचून होते. ‘आज रोख, उद्या उधार’ ही त्यातली सर्वांत वयोवृद्ध पाटी. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही जरा मानी. आणि दर दुसऱ्या दुकानात, गणपतीच्या तसबिरीशेजारी, ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ मराठी हा माझा पदवीचा विषय. त्यामुळे असेल कदाचित, पण या शेवटच्या वाक्याच्या रचनेचे मला फार कौतुक वाटते. व्याकरणाच्या तासाला आम्हाला वाक्यातला कर्ता शोधायला शिकवतात. या वाक्यातला कर्ता कोणी शोधून दाखवावा! परत कोण घेणार नाही? मालक? गल्ल्यावरचा मुलगा? माल बनवणारा कारखानदार? कोणीच नाही. माल जणू आपणहूनच परत जायला नकार देतो आहे.

हा कर्ता नेमका कुठे दडी मारून बसतो, ते गेल्या पावसाळ्यात आम्हाला एका मॅटने दाखवले. मॅट म्हणजे मोटारीत पायाखाली अंथरतात ती. ‘वार्षिकांकात लिहायला हा काय विषय झाला?’ असे संपादक मंडळातल्या एका मित्राने विचारलेच. पाऊस, प्रेम आणि परीक्षा यांवर लिहिणारे समर्थ हात आपल्या महाविद्यालयात पुष्कळ आहेत. मला पायाखालचे लिहू द्यावे.

माझा थोरला भाऊ रत्नागिरी–कोल्हापूर रस्त्यावर स्वतःची प्रवासी गाडी चालवतो. गाडी जुनी, कर्ज नवे. कोकणातला तांबडा चिखल उतारूंच्या पायांबरोबर गाडीत येतो आणि एकदा आला की जायचे नाव घेत नाही. म्हणून दादाने कोल्हापूरच्या एका दुकानातून 3,400 रुपयांना नव्या मॅट घेतल्या. वर रेक्झिनचे कातडे, आत फोम, कडेला सोनेरी शिलाई. आणि नाव काय, तर ‘सेव्हन-डी’. शाळेच्या भूमितीत आम्हाला तीनच मिती भेटल्या होत्या. उरलेल्या चार कोणत्या, हे विकणाऱ्यालाही सांगता आले नाही. दादाने गाडीचे मॉडेल सांगितले, साल सांगितले. उत्तर आले, ‘सगळ्यांना हेच देतो. फिट्ट बसतंय.’

इथे जरा तांत्रिक भाग सांगायला हवा. कारण मॅट बसणे म्हणजे काय, हे गाडीत मागे बसणाऱ्यांना ठाऊक नसते. बहुतेक गाड्यांत चालकाच्या बाजूला जमिनीवर एक किंवा दोन खुंट्या किंवा हुक असतात. मॅटला त्या जागी भोके असतात, ती त्यात अडकवायची. चालकाची टाच दिवसभर मॅटला पुढे रेटत असते. ती पुढे सरकू नये म्हणून ही सोय. त्या गाडीसाठी न बनवलेल्या मॅटला ही भोके एकतर नसतात, नाहीतर भलत्याच ठिकाणी असतात. मग ती हळूहळू पुढे जाते. जाड असेल तर क्लच तळापर्यंत दबत नाही आणि गिअर टाकताना करकरतो. जास्तच पुढे गेली तर ताठ कडेत अ‍ॅक्सिलरेटर अडकतो. पाय काढला तरी पेडल वर येत नाही. जुनी मॅट न काढता तिच्यावरच नवी घालणारेही महाभाग आहेत. त्यांच्याकडे हे संकट आणखी लवकर येते.

दादाच्या गाडीत ते आठव्या दिवशी आले. आंबा घाटाच्या उतारावर, सहा उतारू बसलेले असताना, पाय काढूनही इंजिन ओरडतच राहिले. त्याने ब्रेक एकदाच घट्ट दाबून धरला, गाडी न्यूट्रलला टाकली आणि डोंगराच्या बाजूला उभी केली. पायाने मॅट मागे ओढली, पेडल टक्कन वर आले. उतारूंपैकी एक आजी म्हणाल्या, ‘का रे थांबलास, भजी खायला?’ दादा हो म्हणाला.

आता दुकानातल्या हेलपाट्यांविषयी. पहिल्या वेळी गल्ल्यावरचा मुलगा म्हणाला, ‘शेठ न्हाईत, उद्या या.’ उद्या म्हणजे दादाचा दुसरा फेरा होईल तेव्हा, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. दुसऱ्या वेळी शेठ होते. त्यांनी मॅटकडे न पाहता दादाच्या चपलांकडे पाहिले आणि ‘गाडी चालवायची पद्धत बघा जरा’ असे सुचवले. बावीस वर्षांचा असल्यापासून घाट चढणाऱ्या माणसाला! तिसऱ्या वेळी सांगितले की कंपनीला विचारा. खोक्यावर कंपनीचा पत्ता नव्हता. एक दूरध्वनी क्रमांक होता आणि तो अस्तित्वात नव्हता. बांधलेल्या मालाच्या वेष्टनावर उत्पादकाचे नाव, पत्ता आणि तक्रारीसाठीचा संपर्क छापला पाहिजे असा 2011 पासूनचा नियम आहे. सोनेरी शिलाईला जागा होती, पत्त्याला नव्हती.

एका मॅटसाठी एवढे लिहितो, हे कुणाला अतिशयोक्त वाटेल. त्यांच्यासाठी अमेरिकेतली एक घटना सांगतो. सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यात मॅट आहे आणि काउंटरही आहे. 28 ऑगस्ट 2009 रोजी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळच्या सँटी या गावी एक लेक्सस गाडी भरधाव वेगात अपघातग्रस्त झाली आणि आतली चारही माणसे गेली. चालवणारा महामार्ग पोलिसातला अनुभवी अधिकारी होता. सोबत पत्नी, मुलगी आणि मेहुणा. गाडी त्याची नव्हती. स्वतःची गाडी दुरुस्तीला टाकली म्हणून विक्रेत्याने तात्पुरती दिलेली ती गाडी होती. तिच्यात दुसऱ्याच मॉडेलची, लांबीला मोठी रबरी मॅट टाकलेली होती आणि ती खुंटीला अडकवलेली नव्हती. अ‍ॅक्सिलरेटर तिच्यात अडकला.

ती मॅट रस्त्यावरून घेतलेली नव्हती, हे ध्यानात घ्यावे. त्याच कंपनीची, अस्सल. ‘आमच्या शोरूमचीच घ्या, बाहेरची घेतली तर जबाबदारी तुमची’ असे आपल्याकडे मोठ्या ऐटीत सांगतात, तेव्हा मला सँटीची आठवण होते. मॅट अस्सल असून भागत नाही, ती त्या गाडीची असावी लागते.

परंतु या प्रकरणातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच आहे. त्या अपघाताच्या काही दिवस आधी हीच गाडी दुसऱ्या एका ग्राहकाला वापरायला दिली होती. त्याचाही अ‍ॅक्सिलरेटर मॅटमध्ये अडकला; त्याने तो कसाबसा सोडवला आणि गाडी परत देताना काउंटरवर तसे सांगितले. तपासात हे सारे नोंदले गेले आहे. तो बोलला, समोरच्याने ऐकले, आणि ते बोलणे काउंटरच्या पलीकडे गेले नाही. पुढे टोयोटाने सुमारे 38 लाख गाडीमालकांना चालकाच्या बाजूची मॅट काढून ठेवायला सांगितले. 2014 मध्ये सुरक्षेविषयी ग्राहकांची दिशाभूल केल्याच्या प्रकरणात कंपनीने अमेरिकी सरकारला 120 कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. एवढे अवाढव्य आकडे. पण त्या आधीच्या ग्राहकाचे म्हणणे एका चिठ्ठीवर उतरवून चिठ्ठी कार्यशाळेत पोचवायला किती खर्च आला असता?

माझे म्हणणे एवढेच आहे की, तक्रार ऐकून घेणे हे दुकानदाराचे सौजन्य नाही. ब्रेकसारखा तोही गाडीचाच एक भाग आहे. वस्तू वापरणाऱ्याला जे कळते ते बनवणाऱ्याला कळायचा दुसरा रस्ताच नसतो. तो रस्ता काउंटरवर बंद केला की पुढचे सारे दैवावर.

दुकानदाराची बाजू मला अगदीच दिसत नाही असे नाही. त्याचा घाऊक व्यापारी माल परत घेत नाही; शेजारी तसलेच दुकान शंभर रुपयांनी स्वस्त देते; ऑनलाइन मागवणारे आधी त्याच्याकडे येऊन माप बघून जातात. तो पिचलेला आहे. पण पिचलेल्या माणसाने आपले ओझे त्याच्याहून पिचलेल्याच्या पायाखाली सरकवावे, हा न्याय मला पटत नाही.

आता कायदा काय म्हणतो? 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन 2019 चा नवा कायदा आला आणि 20 जुलै 2020 पासून लागू झाला. त्यात अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या, याची यादी आहे. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणे ही त्यांतली एक. बिल न देणे ही दुसरी. म्हणजे गणपतीशेजारची ती पाटी सदोष मालापुरती तरी निव्वळ शोभेची आहे! पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा आयोगात शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि माल कोल्हापुरात घेतला तरी राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते. धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूला हा कायदा लागत नाही, असे दुकानाचे शेठ म्हणाले. तेही अर्धेच खरे. जो केवळ पोटासाठी, स्वयंरोजगार म्हणून वस्तू वापरतो, तो कायद्याने ग्राहकच आहे. दादासारख्यांसाठीच ते स्पष्टीकरण घातले आहे.

अडचण कच्च्या बिलाची. ‘पक्कं बिल पायजे तर जीएसटी वेगळा पडंल’ हे वाक्य ज्याने ऐकले नाही असा मराठी माणूस मला दाखवा. समोरचा माणूस तीन-चारशे रुपये वाचवू देतो आणि त्या बदल्यात आपली साक्षच काढून घेतो. दादाच्या हाती ‘एस्टिमेट’ असे छापलेला एक गुलाबी कागद होता. सुदैवाने पैसे त्याने मोबाइलवरून दिले होते, त्याची नोंद बँकेत आहे.

आमच्या वर्गातला एक मित्र म्हणाला, ‘तीन हजारांसाठी कोण अर्ज-फाटे करतो? मॅट फेकून द्या आणि मोकळे व्हा.’ हे व्यवहारी शहाणपण आपल्या हाडात मुरले आहे. सुतळीने बांधू, चाकूने कापू, शेजाऱ्याला देऊन टाकू. लिहिणार मात्र नाही. 1974 मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा तर ग्राहकासाठी वेगळा कायदाही देशात नव्हता. आज कायदा आहे, 1915 हा मदतीचा क्रमांक आहे, घरबसल्या तक्रार नोंदवायची सोय आहे. आणि आपण सुतळी शोधतो आहोत.

गंमत अशी की, तक्रारपत्र लिहायला आपण सगळे शिकलेलो असतो. शाळेच्या परीक्षेत सदोष पुस्तके, फाटका गणवेश, फुटलेले क्रीडासाहित्य यांबद्दल आपण केवढी बाणेदार पत्रे लिहिली! ‘महोदय’ डावीकडे, दिनांक जागच्या जागी, विषय ठळक. गुण मिळाले आणि पत्रे उत्तरपत्रिकेबरोबर रद्दीत गेली. पोस्टात एकही पडले नाही. भाषा शिकणाऱ्या आम्हा मुलांना या महाविद्यालयात एक काम सहज करता येईल. राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीत आठवड्यातून एक दिवस दोघांनी बसावे. ज्याला तक्रार लिहायची आहे, पण लिहिता येत नाही, त्याचे पत्र लिहून द्यावे. परिसरातले रिक्षावाले, मच्छीवाल्या, आपल्या वसतिगृहाच्या मावशी, कुणीही यावे. अलंकार नकोत. काय घेतले, कधी घेतले, काय बिघडले, काय हवे, बस्स. प्राचार्यांकडे तसा अर्ज मी दिला आहे.

दादाचे पत्र मी लिहिले. दीड पान झाले. त्यात मी प्रत्येक वाक्याला कर्ता दिला: आपण विकली, आपण पाहिली नाही, आपण पाठवले. पैसे परत करावेत, आणि त्या गाडीला ही मॅट यापुढे विकू नये, अशा दोन मागण्या. पहिलीपेक्षा दुसरी दादाला महत्त्वाची वाटते. त्या रस्त्यावर त्याच्याच मॉडेलच्या आणखी बऱ्याच गाड्या आहेत. पत्र स्पीड पोस्टाने गेले, पोचल्याची नोंदही मिळाली. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. हा लेख छापायला जाताना तिचे सहा दिवस उरले आहेत; सातव्या दिवशी जिल्हा आयोगात द्यायचा अर्ज लिहून तयार आहे.