वंशावळ आणि मूलपेशी

संगमनेर, अकोले, सिन्नर या टापूत नेत्रचिकित्सा करणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांकडे असे काही रुग्ण येतातच, की ज्यांच्या केसपेपरवर पूर्वीच कोणी तरी 'रातांधळेपणा' असे लिहून 'अ' जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिलेल्या असतात, ज्यांची दृष्टी तक्त्यावर ६/९ किंवा ६/१२ भरते, आणि बाहुली मोठी करणारे थेंब घालून पाहिले असता दृष्टिपटलाच्या परिघाकडे काळ्या रंजकाचे विखुरलेले ठिपके, अरुंद झालेल्या रोहिण्या आणि फिकट पडलेली डिस्क दिसून रेटिनायटिस पिग्मेंटोझाच्या निदानाविषयी संशय उरत नाही. त्यानंतर आपण बहुधा एकच वाक्य बोलतो : याला उपाय नाही. वीस वर्षांपूर्वी हे वाक्य प्रामाणिक होते आणि पुरेसेही होते. आज ते अपुरे आहे, आणि त्याने जी पोकळी राहते तीत 'स्टेम सेलचे इंजेक्शन' विकणारा माणूस सहज शिरतो.

हा आजार आपल्याकडे विरळा नाही. जगात सुमारे ४,००० माणसांमागे एकास तो होतो असे पाठ्यपुस्तके सांगतात. परंतु नागपूरचे डॉ. विकास नांगिया आणि हायडेलबर्ग विद्यापीठाचे योस्ट योनास यांनी नागपूरनजीकच्या खेड्यांत तिशी ओलांडलेल्या ४,७११ स्त्रीपुरुषांचे डोळे तपासले, तेव्हा हे प्रमाण सुमारे ७५० माणसांमागे एक इतके आढळले. या तफावतीची अनेक कारणे संभवतात, पण एक आपल्या घरातले आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या नातेसंस्थाविषयक ग्रंथात महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल सविस्तर नोंदवली आहे; आणि आते-मामेभावंडांच्या अशा विवाहातून जन्मलेल्या अपत्यात सरासरीने सोळांपैकी एका जनुकस्थानी दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून आलेल्या असतात, त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या झाकून राहिलेला अप्रभावी दोष अकस्मात उघडा पडतो. या चालीवर निवाडा देण्याचा आमचा हेतू नाही, कारण आत्याच्या घरी सून म्हणून जाणाऱ्या मुलीला लाभणारी माया खोटी नसते. मात्र तपासणीच्या खोलीत ज्या आईला सारा दोष आपल्याच माहेरचा वाटतो, तिला ही प्रत उभयपक्षी आलेली आहे एवढा खुलासा करणे आपले कर्तव्य आहे.

असा दोष दृष्टिपटलात नेमके काय करतो हे पाहणे, हाच निदान आजमितीस मूलपेशींचा खरा उपयोग आहे. यकृताचा किंवा त्वचेचा तुकडा काढून तपासता येतो, तसा जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाचा येत नाही. त्यामुळे ज्या ऊतीचा नाश आपण आयुष्यभर पाहतो, ती आजारी असताना हाताळण्याची सोयच नव्हती. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये मानवाच्या प्रौढ पेशींत चार घटक घालून त्या पुन्हा भ्रूणावस्थेसारख्या बहुसमर्थ करून दाखवल्या, ज्याबद्दल २०१२ चे नोबेल पारितोषिक त्यांना जॉन गर्डन यांच्यासह मिळाले. आणि योशिकी सासाई यांनी २०११ मध्ये उंदराच्या भ्रूणजन्य मूलपेशी योग्य परिस्थितीत ठेवल्या असता त्या आपल्या आपण नेत्रचषकाची घडण करतात हे सिद्ध केले. या दोन शोधांच्या संगमातून रुग्णाच्या त्वचेपासून वा रक्तापासून त्याचाच दोष अंगी असलेले दृष्टिपटल बशीत वाढवणे शक्य झाले. लेबरच्या जन्मजात अंधत्वात सीईपी२९० या जनुकाचा एक दोष शरीरातील प्रत्येक पेशीत असूनही डोळाच का बुडतो, या कोड्याचा उलगडा २०१६ मध्ये लंडनच्या संशोधकांना अशाच बशीत झाला : त्वचेच्या पेशींपेक्षा प्रकाशग्राही पेशींत तो दोष कितीतरी तीव्रतेने प्रकट होत होता. एखाद्या रुग्णाने दिलेले थोडे रक्त त्याच्या स्वतःच्या डोळ्यासाठी नसले, तरी त्याच्या भाचवंडांच्या डोळ्यांसाठी कामी येऊ शकते, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

उपचाराची वाट याहून खडतर आहे. 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'च्या १६ मार्च २०१७ च्या अंकात दोन लेख एकापाठोपाठ छापले गेले, आणि ते प्रत्येक नेत्रचिकित्सकाने एका बैठकीत वाचावेत असे आहेत. पहिला कोबे येथील मासायो ताकाहाशी यांच्या चमूचा : वार्धक्यजन्य मॅक्युला-विकाराने पीडित स्त्रीच्या स्वतःच्या त्वचेपासून तयार केलेला रंजकस्तर सप्टेंबर २०१४ मध्ये तिच्या एका डोळ्यात बसवला; तो टिकला, दृष्टी सुधारली नाही पण ढासळलीही नाही; आणि दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत जनुकीय फेरफार आढळताच ते रोपण त्यांनी थांबवले. दुसरा लेख फ्लॉरिडातील तीन वृद्ध स्त्रियांचा, ज्यांनी पैसे भरून आपल्याच चरबीतून काढलेल्या तथाकथित मूलपेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचून घेतल्या आणि ज्यांची उरलीसुरली दृष्टी रक्तस्राव आणि दृष्टिपटल सुटणे यांत गेली. दोन्ही डोळे, एकाच दिवशी : हा अविचार आपल्यातील नवशिका शल्यकही मोतीबिंदूत करणार नाही.

रेटिनायटिस पिग्मेंटोझासाठी दृष्टिपटलाच्या पत्रकाचे रोपण कोबेलाच ऑक्टोबर २०२० मध्ये प्रथम झाले. ते सुरक्षिततेचे प्रयोग आहेत, विक्रीचा माल नव्हेत. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेने लिंबसच्या मूलपेशींनी भाजलेली पारपटले पुन्हा स्वच्छ केली हे खरे आहे, पण त्या यशाचा दाखला दृष्टिपटलाला लावणे ही दिशाभूल होय. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत : रीतसर मंजूर आणि नोंदलेल्या चाचणीबाहेर असा प्रयोग करता येत नाही, आणि चाचणीत सहभागी झालेल्याकडून त्याचे शुल्क घेता येत नाही. रुग्णाने जाहिरातीचा कागद पुढे केला, तर 'नोंदणी क्रमांक कोठे आहे आणि पैसे कशाचे मागतात' हे दोन प्रश्न त्याच्या हाती द्यावेत.

आणि आपण स्वतः काय करावे? रुग्णाची भावंडे बोलावून तपासावीत. दृष्टिक्षेत्र मोजावे, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार ते ४० अंशांहून कमी असेल तर तक्त्यावर ६/९ वाचणाराही अल्पदृष्टीच्या दाखल्यास पात्र ठरतो, आणि केवळ तक्ता पाहून परत पाठवलेली माणसे या टापूत आहेत. शक्य तेथे जनुकीय तपासणीची तजवीज करावी. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेला जनुकोपचार आरपीई६५ या एकाच जनुकासाठी आहे, तर या आजाराला कारण होणारी जनुके ऐंशीहून अधिक आहेत, आणि आपले जनुक माहीत नसलेला रुग्ण उद्याच्या कोणत्याच यादीत नसेल.

पुढील अंकासोबत वंशावळीचा एकपानी नमुना जोडत आहोत. त्यात आईचे माहेर कोणत्या गावचे हा रकाना मुद्दाम ठेवला आहे. अकोल्याच्या एका रुग्णाचे आणि सिन्नरच्या दुसऱ्याचे आजोळ एकच निघाले, तर एकाच्या अहवालावरून दुसऱ्याचा दोष नेमका तेथेच शोधता येईल, आणि तपासणीचा खर्च बराच उतरेल. भरलेले नमुने आपापल्या दप्तरी जपावेत, आणि रुग्णाची लेखी संमती असेल तरच, नाव वगळून, आमच्याकडे धाडावेत.