भोपळ्याची बाजू

‘‘नव्वद मिनिटे जागलात, आणि हाती काय आले? दोन भोपळे!’’ भारत आणि कतार यांच्यातील फुटबॉल सामना 10 सप्टेंबर 2019 रोजी दोह्यात 0-0 असा संपला. त्याच्या दुसऱ्या दिवशी परभणीत एका सहकाऱ्यांनी प्रस्तुत लेखकाला ऐकवलेले हे वाक्य. सहकारी मराठीचे अध्यापक आणि क्रिकेटचे निस्सीम भक्त. वाक्य विनोदाने उच्चारले गेले आणि त्यावर आम्ही दोघे हसलोही. तरीही इतक्या वर्षांनंतर त्याचा प्रतिवाद करावासा वाटतो, कारण त्यामागची दृष्टी खेळापुरती मर्यादित नाही. जे घडले तेवढेच मोजायचे आणि जे घडू दिले नाही त्याला हिशेबात रकानाच ठेवायचा नाही, अशी ती दृष्टी आहे. एखादी कथा शिकवून झाल्यावर ‘‘पण सर, यात घडले काय?’’ असे विचारणारा विद्यार्थी आणि आमचे हे सहकारी एकाच संप्रदायातले आहेत. फरक एवढाच की विद्यार्थ्याला आपण टोकतो.

आधी वस्तुस्थिती. कतार त्या वेळी आशियाचा विजेता होता. 2019 च्या आरंभी झालेल्या आशिया चषकात त्याने 7 सामन्यांत 19 गोल केले, केवळ 1 स्वीकारला आणि अंतिम सामन्यात जपानला 3-1 असे हरवले. 2022 च्या विश्वचषकाचा यजमान म्हणून त्याचा तिथला प्रवेश निश्चितच होता. पण हीच पात्रता फेरी पुढच्या आशिया चषकासाठीही असल्याने तो तीत खेळत होता. भारताशी गाठ पडण्यापूर्वी पाचच दिवस आधी त्याने अफगाणिस्तानचा 6-0 असा फडशा पाडला होता. त्याच दिवशी भारत गुवाहाटीत ओमानकडून, आघाडी घेऊनही, अखेरच्या काही मिनिटांत 1-2 असा हरला होता. दोह्यात सुनील छेत्री आजारपणामुळे मैदानात नव्हता. म्हणजे ज्या एका माणसाकडून गोलाची हमखास अपेक्षा करावी, तोच नाही. अशा संघाने अशा संघाला त्याच्याच अंगणात नव्वद मिनिटे एकही गोल करू दिला नाही.

आता शब्दाकडे वळू, कारण आपण भाषेची माणसे. आपली वृत्तपत्रे अशा निकालाला ‘गोलशून्य बरोबरी’ म्हणतात आणि सामना बरोबरीत ‘सुटला’ असे लिहितात. जणू काही शाळाच सुटली. या ‘बरोबरी’ शब्दाकडे आपण कधी नीट पाहिले आहे काय? ‘त्याची बरोबरी कोण करणार?’ असे आपण म्हणतो, तेव्हा बरोबरी ही एक दुष्प्राप्य गोष्ट असते. ती करावी लागते, आपोआप होत नाही. लहानाने मोठ्याची बरोबरी केली तर घरात आणि गावात त्याची दखल घेतली जाते. कित्येकदा शिक्षाही होते. क्रीडावृत्तात मात्र हाच शब्द निकाल न लागल्याची खूण म्हणून उरतो. दोह्यातल्या सामन्याला ‘अनिर्णित’ म्हणणे तर सरळसरळ चूक आहे. तिथे एका प्रश्नाचा निर्णय स्वच्छ लागला: आशियाच्या विजेत्याला हा संघ रोखू शकतो काय? उत्तर होकारार्थी आले. कतारसारख्या संघाशी झालेली बरोबरी हे त्या शब्दाच्या मूळ अर्थाने केलेले कृत्य होते, आणि तो अर्थ मराठीत आजही जिवंत आहे.

हे कृत्य घडते कसे, हेही पाहावे. गुरप्रीतसिंग संधू हा गोलरक्षक त्या रात्री कर्णधार होता; त्याने अडवलेल्या फटक्यांची संख्या 11 सांगितली जाते. पण केवळ गोलरक्षकाला हार घालून मोकळे होणे हाही आळसच. त्याच्यापुढे संदेश झिंगन आणि आदिल खान मधोमध उभे होते. डाव्या बगलेवर मंदार राव देसाई, त्यांच्यापुढे रोलिन बोर्जेस. आदिल, मंदार आणि रोलिन हे तिघेही गोव्याचे. बचाव म्हणजे गोलासमोर गर्दी करून उभे राहणे नव्हे. चेंडू एका बगलेकडून दुसरीकडे गेला की सगळी रांग दोरीने बांधल्यासारखी सरकली पाहिजे. एकाने दोन पावले उशीर केला की फट पडते आणि बाकीच्यांची मेहनत व्यर्थ जाते. हे नव्वद मिनिटे करायचे, आणि संधी दिसताच पुढेही धावायचे. उत्तरार्धात उदांता सिंगचा फटका थोडक्यात बाहेर गेला, तो अशाच धावेतून.

उजव्या बगलेवर मुंबईचा राहुल भेके होता. त्याच्या कारकिर्दीतल्या दोन गोष्टी कोणालाही सहज सापडतील. 17 मार्च 2019 रोजी मुंबईत, इंडियन सुपर लीगच्या अंतिम सामन्यात, जादा वेळेत डोक्याने मारलेला त्याचा गोल, ज्यामुळे बंगळुरूने गोव्याला हरवून विजेतेपद मिळवले. आणि 3 जून 2021 रोजी, कतारविरुद्धच्याच दुसऱ्या सामन्यात, 17 व्या मिनिटाला दुसरे पिवळे कार्ड मिळून मैदानाबाहेर जाणे. तो सामना भारताने 0-1 असा गमावला. एक यश, एक अपयश. दोन्ही ‘घटना’ म्हणून दोहोंची नोंद झाली. या दोहोंच्या दरम्यान दोह्यातली ती रात्र येते. तिथे त्याने आणि त्याच्या साथीदारांनी जे केले त्याला ना मिनिट आहे, ना आकडा.

क्रिकेटभक्तांना हे समजत नाही, असे मात्र म्हणवत नाही. 11 जानेवारी 2021 रोजी सिडनीत हनुमा विहारीने दुखावलेल्या पायाने 161 चेंडूंत नाबाद 23 धावा केल्या, आर. अश्विनने 128 चेंडूंत नाबाद 39, आणि ऑस्ट्रेलियाच्या हातून सामना निसटला. त्या संध्याकाळी याच सहकाऱ्यांचा फोन आला तेव्हा त्यांचा स्वर भरून आला होता. त्या 62 धावांच्या भागीदारीचे मोल धावांत नव्हते, न पडलेल्या बळीत होते; हे त्यांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. तेव्हा अडचण आकलनाची नसून मनाच्या कोतेपणाची आहे. आपल्या देवळातला शून्य तो पूर्णब्रह्म, आणि शेजारच्या देवळातला तो भोपळा!

येथे दुसऱ्या बाजूच्या मंडळींशीही भांडले पाहिजे. ‘बिचारे काय लढले!’ म्हणून डोळे पुसणारे रसिक उपहास करणाऱ्यांइतकेच अन्याय करतात, कारण कीव ही कौशल्याकडे पाहतच नाही. आणि प्रत्येक शून्याची आरती ओवाळणेही चूकच. 21 मार्च 2024 रोजी भारताने अफगाणिस्तानशी 0-0 अशी बरोबरी केली. 6 जून 2024 रोजी कोलकात्यात, छेत्रीच्या निरोपाच्या सामन्यात, कुवेतशी पुन्हा 0-0. हे दोन्ही सामने जिंकण्याजोगे होते, जिंकायला हवे होते, आणि न जिंकल्याची किंमत पुढच्या फेरीचे दार बंद होऊन मोजावी लागली. आकडा तोच, अर्थ उलटा. समोर कोण होते, आपल्याजवळ काय होते आणि काय पणाला लागले होते, हे पाहिल्याखेरीज शून्य वाचताच येत नाही. संदर्भावाचून कवितेची ओळ वाचू नये असे आपण वर्गात शिकवतो. तोच नियम गुणफलकाला लावायला हरकत कोणती?

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण या गावाने पिढ्यान्‌पिढ्या ऐकली आहे. काही जमले तर जमले, नाहीतर आहेच परभणी. म्हणजे बाहेरच्यांच्या लेखी आम्हीच तो भोपळा. निदान इथल्या माणसाने तरी शून्याला हसू नये. पावसाने ओढ दिली की आमचा कोरडवाहू शेतकरी आठवडेच्या आठवडे सोयाबीन नुसते जगवत असतो. डवरणी करतो, ओल धरून ठेवतो, आभाळाकडे पाहतो. त्या दिवसांत शेतात ‘घडत’ काहीच नाही. पण त्या दिवसांना वाया गेलेले म्हणण्याची छाती या जिल्ह्यात कोणाची होणार नाही.

आमच्या सहकाऱ्यांना एवढेच सुचवायचे आहे की त्या पात्रता गटाचा तक्ता एकदा काढून पाहावा. कतार: सामने 8, विजय 7, पराभव 0. मधल्या एका रकान्यात 1 हा आकडा आहे. तो दोह्यातला.