सिंधुदुर्ग: तटाचे आणि मिठाचे अर्थकारण

समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वर्ध्यासारख्या जिल्ह्यात महाविद्यालयीन सहलीचा विषय निघाला, की मालवणचे नाव हटकून पुढे येते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली आणि त्यांत सिंधुदुर्गाचा समावेश झाला. तेव्हापासून या ओढीला आणखी एक कारण मिळाले आहे.

मालवणसमोरील कुरटे बेटावर १६६४ साली सुरू झालेले हे बांधकाम तीन वर्षे चालले. सुमारे ४८ एकरांचे खडकाळ बेट, त्याला नागमोडी तट, पायात ओतलेले शिसे आणि अगदी जवळ जाईपर्यंत दृष्टीस न पडणारा दरवाजा. चहूकडे खारे पाणी असता आत दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या तीन विहिरी. एवढे पाहून प्रवासी परततो आणि हा किल्ला केवळ सिद्दी व फिरंग्यांशी लढण्यासाठी होता, अशी समजूत करून घेतो. ती अपुरी आहे. आरमार पोसावे लागते आणि ते व्यापाराच्या उत्पन्नावर पोसले जाते. शिवाजी महाराजांनी १६७१ साली कुडाळच्या सरसुभेदाराला पाठविलेले पत्र प्रस्तुत लेखकाला कोणत्याही तोफेहून मोलाचे वाटते. बारदेशचे मीठ स्वस्त, म्हणून व्यापारी तिकडे वळत. तेव्हा त्या मिठावर इतकी जबर जकात बसवावी, की ते संगमेश्वरच्या मिठाहून महाग पडेल, अशी ती आज्ञा आहे. संरक्षक जकातीचे तत्त्व वर्गात शिकविताना आम्ही फ्रीडरिश लिस्टचे नाव घेतो. त्याचा ग्रंथ १८४१ चा, म्हणजे या पत्रानंतर १७० वर्षांनी आलेला! मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी ज्या जिल्ह्यात येऊन राहिले, तेथील वाचकाला तरी मीठ आणि राज्यसत्ता यांचा संबंध समजावून सांगावा लागू नये.

आता प्रश्न गर्दीचा. मान्यतेमुळे मागणी वाढेल; बेट मात्र ४८ एकरच राहील. ज्या वस्तूचा पुरवठा तसूभरही वाढत नाही, तिचे वाटप किमतीने करावे किंवा संख्येवर मर्यादा घालून. केवळ किंमत वाढविली, तर एस.टी.ने येणारे आमचे विद्यार्थीच प्रथम गळतील. म्हणून दररोजच्या प्रवाशांची संख्या ठरवावी आणि मिळणारे उत्पन्न तट, विहिरी व धक्का यांवरच खर्च व्हावे, असे आमचे मत आहे.

यावर होडीवाले म्हणतील, की पावसाळ्यात होड्या बंद, आणि उरलेल्या महिन्यांतही माणसे मोजून न्यावयाची, तर पोट कसे भरावे? हा आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर फेऱ्यांच्या संख्येत नसून भेटीच्या कालावधीत शोधावे लागेल. गाबित होडीवाल्याला वारा, भरती-ओहोटी आणि बुडालेले खडक पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. गुराबा आणि गलबते या पाण्यातून कशी वावरली असतील, हे त्याच्याइतके कोण सांगू शकेल? अर्धा दिवस किल्ला व भोवतालचा समुद्र दाखवून त्याने त्या मानाने भाडे घ्यावे. जवळजवळ अख्खे राज्य ओलांडून वर्ध्याहून जाणाऱ्याने बेटावर तासभरच काढावा, हा हिशेब तसाही आतबट्ट्याचाच आहे.