दहा दिवस बंद ठेवलेला हौद



परवा ओळखीतल्या एकीचा फोन आला. मुलानं बंगल्यामागं स्विमिंग पूल बांधलाय. म्हणाली, "काकू, क्लोरीन टाकायचं म्हणजे जाणूनबुजून जीव मारायचे. माझ्या हातून ते होत नाही. माळीच बघतो सगळं, मी तिकडं फिरकतही नाही. चालतं ना?"

मी म्हटलं, नाही चालत. तिला थोडा राग आला असावा. पण हे मी अनुभवावरून सांगते आहे, आणि तो अनुभव काही मिरवण्यासारखा नाही.

आमच्या मळ्यातल्या घरापुढं मुलानं नातवंडांसाठी पूल बांधला, त्याला सासूबाई हौदच म्हणायच्या. पहिल्याच वर्षी दशलक्षण पर्व आलं. मनात आलं, निदान या दहा दिवसांत तरी आपल्या हातून हिंसा नको. पंचमीला पंप बंद केला, क्लोरीनचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं. मला केवढं समाधान वाटलं होतं! अनंत चतुर्दशीनंतर जाऊन बघते तर पाणी पोपटी हिरवं, पायऱ्या बुळबुळीत, आणि कडेच्या पाण्यात डासांच्या अळ्या वळवळताहेत. साचलेलं पाणी आणि भाद्रपदातली उष्णता, डासाला अंड्यापासून पंख फुटायला आठवडा-दहा दिवस पुरतात. मग ते पाणी परत आणायला तीन दिवसांत सव्वा किलो पावडर लागली. रोजच्या हिशेबानं दहा दिवसांना जेमतेम अर्धा किलो लागली असती. म्हणजे पावडर अडीचपट, आणि मेलेले जीव किती पट ते माझं मलाच मोजवेना. क्षमावाणीला सगळ्यांची क्षमा मागताना मला त्या अळ्या दिसत होत्या.

तेव्हापासून माझं मत ठरलं. पूल बांधणं हा भोग आहे, त्याला आरंभी हिंसेत ढकलून मोकळं होऊ नये. स्वयंपाक केल्याशिवाय घर चालत नाही, पूलशिवाय चालतं. पण एकदा बांधला की त्याकडं न बघणं ही अहिंसा नव्हे, तो प्रमाद आहे. तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येतच प्रमाद आहे, आणि अनर्थदंडातली प्रमादचर्या आपण स्वाध्यायात दरवर्षी वाचतो. पाणी स्वच्छ राहिलं तर त्यात जीव उपजतच नाहीत. उपजू द्यायचे आणि मग मारायचे, त्यापेक्षा उपजूच न देणं कितीतरी बरं.

आता कामाचं. आधी आपल्या पूलमध्ये पाणी किती ते काढा. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि आलेल्या आकड्याला हजारानं गुणा. आमचा ६ बाय ३ मीटर, सरासरी १.२ खोल, म्हणजे २१,६०० लिटर. हा आकडा माहीत नसताना "दोन वाट्या टाकते" म्हणणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. आपण मिठाला तरी असं करतो का? एवढ्या पाण्यात क्लोरीन १ पीपीएमनं वाढवायला ६५ टक्क्यांच्या पावडरीचे साधारण ३३ ग्रॅम लागतात. पाण्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम हवं, आणि पीएच ७.२ ते ७.६. चाचणीचा संच फार महाग नसतो. कुपीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग जुळवायचा. पीएच ७.८ च्या वर गेला की क्लोरीन टाकूनही नीट काम करत नाही. मग लोक आणखी टाकतात, आणि दोष पावडरीला देतात. आमचं बोअरचं पाणी जड, त्यात ही पावडर पीएच वाढवतेच, म्हणून मला अधूनमधून ॲसिड लागतं.

इथं एक मात्र हात जोडून सांगते. ॲसिड आणि क्लोरीन कधीही एका बादलीत, एका मापानं, एका कपाटात नको. दोन्ही एकत्र आले की विषारी वायू होतो. बादलीत आधी पाणी, मग पावडर. पावडरीवर पाणी ओतायचं नाही. आणि हे ऊन उतरल्यावर करा, उन्हात क्लोरीन उडून जातं. पंप तेव्हा चालू हवा, आणि त्या दिवशी मग पाण्यात कुणी उतरायचं नाही.

पंप असा चालवा की दिवसातून एकदा तरी सगळं पाणी फिल्टरमधून फिरेल. फिल्टर धुतल्यावर त्याच्या घड्याळातला दाब लिहून ठेवा. तो आठ-दहा पीएसआयनं वाढला की उलटं पाणी सोडून वाळू धुवायची. याला आपण गाळलेलं पाणी समजू नये बरं का. आपण कापडानं गाळतो तेव्हा जिवाणी परत विहिरीत सोडतो, इथं तसं काही होत नाही.

माझा सगळ्यात जास्त वेळ जातो तो जाळीत. सकाळी पंप सुरू करायच्या आधी जाळीनं पानं, किडे, कधी बेडकाचं पिल्लू बाहेर काढते. आधी पंप लावला तर ते सगळं टोपलीत ओढलं जातं. बेडकांना चढून येता यावं म्हणून कडेला एक फळी तिरकी लावली आहे. रात्रीचे पूलचे दिवे बंद केले, त्या उजेडाला पाखरं येऊन पडायची. रात्री आपण का जेवत नाही हे नातवंडांना वेगळं सांगावं लागलं नाही.

आणि डोक्याला तेल लावून उतरणाऱ्या पाहुण्यांना आधी आंघोळीला पाठवा. वाईट वाटलं तर वाटू दे. अंगावरचं तेल, घाम, पावडर यांच्याशी लढण्यातच क्लोरीन संपतं. डोळे चुरचुरतात, उग्र वास येतो, तो बहुतेक वेळा याचाच, क्लोरीन जास्त झाल्याचा नव्हे.

"मग चातुर्मासात रिकामाच ठेवते," असंही ती म्हणाली. जमिनीत बांधलेला पूल भर पावसात रिकामा करू नका. खालच्या पाण्याच्या दाबानं तो उचलला जाऊन तडकू शकतो. शिवाय वीस हजार लिटर पाणी ओतून द्यायचं ते वेगळंच.

आम्ही भोगोपभोग परिमाणात पोहण्याचे दिवस ठरवून घेतले आहेत, चातुर्मासात कुणी उतरत नाही. पाणी मात्र रोज बघते. यंदाही पंचमीच्या आदल्या दिवशी वर आच्छादन घालणार, आणि दहाही दिवस मंदिरातून आल्यावर कुपीतला रंग बघून वहीत लिहिणार, उपवास असला तरी.